एस्तेरची गोष्ट सांगणाऱ्यांनो, तो दरवाजा स्किप करू नका : एक खुलं पत्र

प्रति,
बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकावर (पारसी राजाची राणी झालेल्या यहुदी मुलीची गोष्ट) बोलणारे सगळे : पाळकसाहेब, संडे स्कूलचे टीचर, महिला मंडळात वचन सांगणाऱ्या ताई आणि युवक संघात नाटक बसवणारी मंडळी

सप्रेम सलाम.

एस्तेरवर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे ठरलेल्या गोष्टी येतात. वश्तीनं राजाला नाही म्हटलं, मग देशभरातून सुंदर मुली गोळा केल्या, बारा महिने तेलं नि सुगंधी उटणी, मग "अशाच वेळेसाठी तू राणी झालीस" हे वचन (ते तर कॅलेंडरवर पण असतं), आणि शेवटी सगळ्या यहुद्यांना मारायला निघालेला राजाचा प्रधान हामान स्वतःच उभारलेल्या पन्नास हाती खांबावर लटकला, की संपलं. या सगळ्याच्या मध्ये चौथ्या अध्यायाचं दुसरं वचन येतं आणि तिथे कुणी थांबतच नाही. एस्तेरला सांभाळणारा तिचा चुलतभाऊ मर्दखय यहुद्यांना मारायचा हुकूम कळल्यावर कपडे फाडून, गोणताट (शोकाचं खरखरीत कापड) नेसून, अंगाला राख फासून शहराच्या मधून मोठ्यानं रडत निघाला, राजवाड्याच्या दरवाजापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण गोणताट नेसलेल्या माणसाला राजाच्या दरवाजातून आत जायची परवानगी नव्हती.

मला वाटतं सगळी गोष्ट या एका नियमावर उभी आहे, आणि आपण तो "त्या काळचा ड्रेसकोड" म्हणून सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी हा नियम चांगला म्हणून शिकवला जातो, पण त्याच्यावर नंतर येते.

आधी तो दरवाजा. दरवाजा म्हणजे लाकडी दार आणि बाहेर एक वॉचमन असं डोळ्यासमोर आणू नका. शूशनला (पारसी राजांची राजधानी, आजच्या इराणात) १९७०च्या दशकात फ्रेंच उत्खननात राजवाड्याचा दरवाजा सापडला, ती चार खांबांचं मोठं दालन असलेली स्वतंत्र इमारतच आहे, आणि तिथे क्षयर्षा राजाचा लेख आहे की हा दरवाजा माझे वडील दारयवेश यांनी बांधला. पुस्तकातला राजा अहश्वेरोश म्हणजे हाच क्षयर्षा असं बरेच जण मानतात (पुस्तक इतिहास आहे की रचलेली कथा यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात मी आत्ता पडत नाही). १९७२ मध्ये याच दरवाजापाशी दारयवेशाचा डोकं नसलेला पुतळा पण मिळाला, तो आता तेहरानच्या म्युझियममध्ये आहे. तर अशा ठिकाणी सरकारी कामं चालायची, अधिकारी बसायचे. मर्दखय "राजाच्या दरवाजात बसत असे" असं दुसऱ्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतं, म्हणजे तो तिथे टाइमपास करत नव्हता, ती त्याची जागा होती, कदाचित नोकरीच होती, आणि दोन खोज्यांनी राजाला मारायचा कट केलेला त्यानं तिथेच ऐकला होता. म्हणजे ज्या दरवाजात हा माणूस रोज बसायचा, त्याच दरवाजात फक्त कपडे बदलले म्हणून त्याला नो एन्ट्री. माणूस तोच आहे, ओळख तीच आहे, राजाचा जीव वाचवल्याची नोंद पण दप्तरात पडून आहे, फक्त अंगावर दुःख दिसतंय.

आता आत काय चाललंय ते बघा. हामान तिसऱ्या अध्यायात राजाला सांगतो की "तुमच्या राज्यात एक लोक आहे", बास, यहुद्यांचं नाव घेतच नाही. १०,००० किक्कार (तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी देतो म्हणतो. आणि हिंदुस्थानापासून कूशपर्यंत १२७ प्रांतांचा मालक असलेला राजा एका शब्दानं विचारत नाही की कोण लोक, किती लोक, केलं काय त्यांनी. अंगठी काढून देतो. पहिल्या महिन्याच्या तेराव्या दिवशी लेखक बसवून हुकूम निघाला, बाराव्या महिन्याच्या, म्हणजे अदारच्या तेराव्या दिवशी सगळ्यांना मारायचं, तरुण म्हातारे बायका पोरं सगळी, आणि मालमत्ता लुटायची. हुकूम घेऊन जासूद पळाले आणि राजा नि हामान पीत बसले. त्याच वचनात लिहिलंय की शूशन शहर मात्र गोंधळून गेलं. बाहेर शहर सुन्न आणि आत पेले भरले जातायत, आणि या दोघांच्या मध्ये कोण उभंय तर तो दरवाजा आणि त्याचा नियम.

सातव्या अध्यायात एस्तेर जेव्हा सांगते की मला आणि माझ्या लोकांना विकलंय, तेव्हा राजा विचारतो, "कोण आहे तो, कुठे आहे तो?" आपण हा सीन एकदम जोशात करतो, राजा चिडलेला, हामान थरथरतोय. पण जरा थांबून बघा ना, ज्याच्या शिक्क्यानं हुकूम निघाला तो राजा विचारतोय की कुणी केलं! आणि तो नाटक करत नाहीये, त्याला खरंच माहीत नाही. त्याच्यापर्यंत फक्त नीट कपडे घातलेली माणसं पोचतात, आणि त्या दिवसांत नीट कपडे घातलेला माणूस म्हणजे हामान.

नियम का होता ते पुस्तक सांगत नाही. अपशकुन वाटत असेल, राजाचा मूड जायला नको असं असेल. पण ही एकट्या एस्तेरच्या पुस्तकातली गोष्ट नाही. नहेम्या आठवा. तोही शूशनमध्येच, अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमची भिंत पडलीय हे कळल्यावर तो किसलेव महिन्यात बसून रडला, उपास केला, आणि मग नीसान उजाडेपर्यंत राजासमोर चेहरा नॉर्मल ठेवून द्राक्षारस देत राहिला. मधे तीनेक महिने गेले! एक दिवस चेहरा उतरलेला दिसला, राजा म्हणाला तू आजारी तर नाहीस, मग हे मनातलं दुःख आहे, आणि नहेम्या लिहितो की मी फार घाबरलो. राजानं नुसतं "काय झालं" विचारल्यावर माणूस एवढा का घाबरेल? कारण तिथे दुःखी दिसणं हाच गुन्हा झाला असता.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस पण असंच काहीतरी सांगतो. मेदी लोकांचा पहिला राजा डेओकेस, त्यानं नियम घातला की राजाला थेट कुणी भेटायचं नाही, सगळं निरोप्यांमार्फत, आणि राजासमोर हसणं किंवा थुंकणं सुद्धा लाजिरवाणं. पुढे तो पारसी राजाच्या पाण्याची गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात जास्त आवडते. एक मैदान, भोवती डोंगर, डोंगरातल्या खिंडींतून नदीचं पाणी यायचं, राजानं त्या खिंडींना दारं बसवली. उन्हाळ्यात ज्वारीबाजरीसारखं धान्य नि तीळ पेरायचे तेव्हा लोकांना पाणी मिळेना, मग ते बायकांना घेऊन राजाच्या दारासमोर जाऊन आक्रोश करायचे, मग राजा ज्यांना जास्त गरज त्यांचं दार आधी उघडायला लावायचा, मग पुढच्यांचं, पाळीपाळीनं, आणि वर भरपूर पैसे घ्यायचा. (कालव्याच्या आवर्तनासाठी मोर्चा काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.) म्हणजे राजाच्या दारात रडणं हा तिथे अर्ज करायचा ओळखीचा मार्ग होता, फक्त दाराच्या बाहेर. मर्दखय वेडा झालेला नव्हता किंवा शोकात भान हरपून तिथे पोचला नव्हता. त्याला पक्कं माहीत होतं की कुठपर्यंत जाता येतं, आणि तो बरोब्बर तिथपर्यंत जाऊन उभा राहिला. नाटकात त्याला केस पिंजारून इकडेतिकडे धावायला लावतात ते म्हणूनच मला पटत नाही.

मग एस्तेर कपडे पाठवते. यावर मी दोन टोकाची प्रवचनं ऐकलीयत. एकात ती राजवाड्यात राहून बदललेली, लाज वाटणारी नातेवाईक, दुसऱ्यात ती नुसती प्रेमळ. मला वाटतं ती प्रॅक्टिकल होती. तिला तेव्हा हुकमाचं काहीच माहीत नव्हतं, आत कुणी सांगितलंच नव्हतं (राणीला सुद्धा!), दासींनी येऊन सांगितलं की मर्दखय बाहेर गोणताट नेसून बसलाय, तिनं विचार केला की कपडे बदलले की आत येईल, आत आला की बोलता येईल. साधा हिशोब. आणि त्यानं कपडे परत पाठवले. त्याच्या नाही म्हणण्यावर एक अख्खं प्रवचन व्हायला पाहिजे खरं तर. ते कपडे घातले असते तर तो आत गेला असता, पण मग आत गेला असता तो रोजचा मर्दखय, ज्याच्या लोकांना काहीच झालेलं नाही असा. दरवाज्याची अटच ती होती.

म्हणून मग एस्तेरच्या सेवेतला हथाक. तो खोजा बिचारा आतून बाहेर, बाहेरून आत चकरा मारतो, कारण एकाला आत येता येत नाही आणि दुसरीला बाहेर जाता येत नाही. मर्दखय त्याला चांदीचा नक्की आकडा सांगतो आणि हुकमाची नक्कल हातात देतो. रडणारा माणूस कागदपत्रांसकट आलेला आहे, हे पण लक्षात घ्या. आणि एस्तेरचं उत्तर काय येतं तर दुसरा नियम! बोलावल्याशिवाय आतल्या चौकात जो राजाकडे जाईल त्याला मरणच, राजानं सोन्याचा राजदंड पुढे केला तरच वाचेल, आणि मला ३० दिवस झाले बोलावणं नाही. म्हणजे राणी झाली तरी ती पण एका दरवाज्याच्या बाहेरच आहे. आपण कायम दुसरा नियम सांगतो, कारण त्यात थ्रिल आहे, पण पुस्तकात हे दोन्ही नियम एकाच अध्यायात आहेत आणि एकमेकांना लागून वाचल्याशिवाय दोन्ही कळत नाहीत.

राजाकडे जायच्या आधी एस्तेर सगळ्या यहुद्यांना तीन दिवस उपास करायला सांगते. त्या उपासाबद्दल यहुदी मिद्राशमध्ये (शास्त्रावरच्या जुन्या कथा-टीकांमध्ये) एक भारी संवाद येतो. हुकूम पहिल्या महिन्याच्या तेराव्या दिवशी निघाला, म्हणजे तीन दिवस उपास धरला तर वल्हांडण सण मधे येणार, आणि वल्हांडणाला उपास कसा चालेल असं मर्दखय विचारतो. एस्तेर म्हणते, इस्राएलच उरला नाही तर वल्हांडण कुणासाठी? नियम मोडायचं धाडस फक्त राजाच्या बाबतीत नव्हतं, असं त्या जुन्या वाचणाऱ्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी एस्तेर राजवस्त्रं घालून उभी राहते. ग्रीक भाषांतरात जास्तीचा भाग आहे त्यात तर स्पष्टच आहे, आधी तिनं भारी कपडे काढून शोकाचे घातले, अत्तराऐवजी डोक्यावर राख आणि शेण, आणि मग राजाकडे जाताना ते उतरवून पुन्हा नटली. मर्दखयानं कपडे बदलले नाहीत म्हणून तो बरोबर आणि तिनं बदलले म्हणून ती झुकली, असं मुळीच नाही. बाहेर कुणीतरी न बदलता बसला म्हणून तिला कळलं, आणि तिनं बदलले म्हणून आत जाता आलं. एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं करू नका, विशेषतः महिला मंडळात "एस्तेर आणि तिचा शृंगार" असा विषय घेणाऱ्या ताईंना विनंती.

आता ज्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते. एका उपासना सभेत वक्त्यांनी हेच वचन घेऊन सांगितलं की बघा, पृथ्वीवरच्या राजासमोर पण शोकाचे कपडे चालत नाहीत, मग राजांच्या राजासमोर तुम्ही रडके चेहरे घेऊन कसे येता, आनंदानं या. समोर नुकताच नवरा गेलेली बाई बसली होती. नाव कुणाचंच घेत नाही, आणि हे एकाच ठिकाणी होतं असंही नाही. पण भावांनो, अहश्वेरोशाचा दरवाजा म्हणजे देवाचा दरवाजा हे कुठून आणलंत? मूळ हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नावही नाही, आणि हा राजा सहा महिने दारू पाजणारा, बायकोला पाहुण्यांसमोर दाखवायला बोलावणारा, न विचारता लोक विकणारा. त्याच्या वॉचमनचा नियम तुम्ही मंदिराला लावताय.

शास्त्रातच दुसऱ्या राजांची दारं बघा ना. दावीद राजाचा सेनापती यवाब, त्यानं तकोवाच्या एका बाईला सांगितलं की शोकाची वस्त्रं घाल, तेल लावू नकोस, आणि तशीच दावीदाकडे जा. ती गेली, पालथी पडली, दावीदानं विचारलं काय झालं. त्या दरबारात सुतकी कपडे म्हणजे आत जायचा पासच होता! लढाईत हरलेल्या अरामी राजाची, बेन-हदादाची माणसं कमरेला गोणताट नि डोक्याला दोऱ्या बांधून इस्राएलच्या राजाकडे, अहाबाकडे गेली, घेतलं त्यांना आत. मुलगा अबशालोम मेल्यावर दावीद महनाईममध्ये वेशीवरच्या माडीत जाऊन रडला, म्हणजे तिथे दरवाज्यातला आक्रोश खुद्द राजाचा होता (आणि यवाब त्यालाही ओरडला, सैन्य खजील झालंय, बाहेर येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोल म्हणून, तेही बरोबरच). निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला. आणि इस्राएलच्या राजधानीला, शोमरोनला वेढा पडला होता, भूक एवढी की सांगवत नाही, एका बाईनं राजाला हाक मारली आणि तिचं ऐकून त्यानं कपडे फाडले तेव्हा तटावरून जाताना लोकांना दिसलं की आत अंगाला गोणताट आहे. वर राजवस्त्र, आत गोणताट. चांगला राजा होता असं मी म्हणत नाही, पुढच्याच वचनात तो अलीशा संदेष्ट्याचं डोकं मागतो. पण त्याला बाहेरचं माहीत तरी होतं.

खोटं सोपं करून सांगायचं नाही म्हणून हेही सांगते की शोक दूर ठेवायचे नियम इस्राएलात पण होते. लेवीयाच्या पुस्तकात मुख्य याजकानं आईबापासाठी सुद्धा कपडे फाडायचे नाहीत, पवित्रस्थान सोडायचं नाही. मिश्नामध्ये (यहुद्यांचा जुना नियमसंग्रह) आहे की राजाच्या घरात कुणी गेलं तर राजानं वाड्याच्या दाराबाहेर पडायचं नाही, तेव्हा रब्बी यहूदा म्हणाले जायचं असेल तर जावं, दावीद अबनेर सेनापतीच्या तिरडीमागून चालला होता की, तर बाकीचे म्हणाले ते लोकांची समजूत पटावी म्हणून होतं. म्हणजे पदावरच्या माणसानं किती रडायचं यावर तिथेही भांडणं होती. पण हे नियम पदावरच्या माणसाला आहेत. दारात आलेल्याला बाहेर थांबवणारे नाहीत.

उलट त्याच मिश्नात मंदिराच्या डोंगराचा नियम आहे. सगळे उजवीकडून आत शिरायचे आणि फिरून डावीकडून बाहेर पडायचे. ज्याच्यावर काही ओढवलंय तो उलटा, डावीकडून फिरायचा. समोरून येणारे विचारायचे, "तू डावीकडून का?" तो सांगायचा, "मी शोकात आहे." आणि ते म्हणायचे, "या घरात जो राहतो तो तुझं सांत्वन करो." त्यांनी नुसतं आत घेतलं नाही तर चालायची अशी व्यवस्था केली की शोक करणारा गर्दीत लपून राहूच नये, प्रत्येक समोरच्यानं त्याला बघावं आणि विचारावं. देवाच्या दरवाज्याचा नियम शिकवायचाच असेल तर हा घ्या, शूशनचा कशाला?

यहुदी लोक अजूनही पुरीमला, म्हणजे या सुटकेच्या सणाला, एस्तेर पूर्ण वाचतात, मधलं गाळत नाहीत. कित्येक ठिकाणी इतक्या आनंदाच्या सणात सुद्धा "मर्दखयानं कपडे फाडले" आणि "शूशन गोंधळून गेलं" ही वचनं आली की चाल बदलते, विलापगीताच्या चालीत म्हणतात. आदल्या दिवशी एस्तेरचा उपास. आपल्याच कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, पुरीमला होळीचा सण म्हणायचे आणि मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवसाला बिरड्याचा सण, म्हणजे नाचायचा आणि रडायचा दोन्ही दिवस कॅलेंडरवर पक्के आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले. आपल्याकडे मात्र एस्तेर म्हटलं की फक्त मुकुट.

नाटकवाल्यांना एक मागणं आहे. पुढच्या वेळी मर्दखयाला चौथ्या अध्यायापासून स्टेजच्या एका कडेला बसवून ठेवा, मधले सगळे सीन चालू असताना सुद्धा. मेजवानी, राजाची झोप उडते ती रात्र, सगळं. (सहाव्या अध्यायात राजवस्त्र घालून घोड्यावरून फिरवून झाल्यावर तो परत राजाच्या दरवाजापाशीच येतो, आणि हामान डोकं झाकून शोक करत घरी पळतो, हा बदल प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसू द्या.) आणि हामान मेल्यावर नाटक संपवू नका. हुकूम तेव्हाही लागूच होता. आठव्या अध्यायात एस्तेर पुन्हा राजाकडे जाते आणि या वेळी त्याच्या पायाशी पडून रडते. चौथ्या अध्यायात जे दाराबाहेर अडवलं होतं ते रडणं इथे आत पोचतं, आणि मग राजदंड पुढे होतो, आणि मगच दुसरा हुकूम निघतो. हा सीन मी आजपर्यंत एकाही नाटकात बघितलेला नाही.

पाळकसाहेब, तुमच्याकडे एकच मागणं, चौथ्या अध्यायाचं दुसरं वचन वाचल्यावर जरा थांबा आणि लोकांना विचारा की आपल्या दाराशी असा काही नियम आहे का. उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांना देऊ द्या.

तुमची,
मागच्या बाकावर बसणारी एक बहीण

ता. क. : गोणताट शेळीच्या केसांचं, काळपट आणि टोचणारं असायचं. तागाचं पोतं चालेल, पण निदान उलटं करून शिवा. गेल्या खेपेला मर्दखयाच्या पाठीवर साखर कारखान्याचा शिक्का आणि "५० किलो" स्पष्ट वाचता येत होतं, आणि सगळी पोरं त्यालाच हसत होती.